चौथीत मुलं नक्की काय शिकतात?

चौथीचं दप्तर उघडलं की प्रत्येक विषयाचं पुस्तक वेगळं, वही वेगळी, आणि मग आपणही तसंच विचारतो, गणितात किती पडले, भाषेत किती पडले. पण या वर्षी सगळ्यात मोठा बदल होतो तो वाचनात, आणि तो एकट्या भाषेच्या तासाला होत नाही. तिसरीपर्यंत मुलं वाचायला शिकत असतात, चौथीपासून वाचून शिकायला लागतात. धडा आता गोष्टीपुरता राहत नाही, त्यात माहिती येते, कारणं येतात, घरी कधी कानावर न पडलेले शब्द येतात.

जीन चॉल या अमेरिकन संशोधक बाईंनी 1983 मध्ये वाचनाचे टप्पे मांडले. पुढे त्यांना असं दिसलं की गरीब घरातली कितीतरी मुलं तिसरीपर्यंत बाकीच्यांच्या बरोबरीने वाचतात आणि चौथीच्या आसपास मागे पडायला लागतात, आणि आधी अडतात ती शब्दांच्या अर्थापाशी. पिर्ल्स नावाची आंतरराष्ट्रीय वाचन चाचणी 2001 पासून दर पाच वर्षांनी होते, तीही चौथीच्याच मुलांची घेतात, कारण हाच टप्पा.

आता ही गणिताची वही बघा. 53 मुलांना सहलीला जायचंय, एका गाडीत 8 जण बसतात, तर गाड्या किती लागतील? मुलीने भागाकार अगदी बरोबर केलाय, भाग 6, बाकी 5. आणि उत्तर लिहिलंय 6. मग ती पाच मुलं कुठे बसणार? गाड्या 7 लागतात. आता हेच आकडे घेऊन विचारा, 53 मीटर दोरीचे 8 मीटरचे तुकडे किती होतील, तर उत्तर 6. आणि दोरी किती उरेल विचारलं तर 5. भागाकार तोच, उत्तरं तीन, आणि कुठलं लिहायचं हे प्रश्न नीट वाचल्याशिवाय कळूच शकत नाही. म्हणून मला वाटतं की ‘गणितात कच्ची आहे’ असं म्हणायच्या आधी एकदा तिला उदाहरण मोठ्याने वाचायला सांगावं.

अपूर्णांक मात्र खरंच अवघड आहेत, तिथे वाचनाचा प्रश्न नाही. आतापर्यंत मोठा आकडा म्हणजे मोठी संख्या हेच शिकलेलं असतं, आणि अचानक एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा लहान निघतो! छेद वाढला की तुकडा बारीक होतो, हे फळ्यावर दहा वेळा सांगून जे होत नाही ते कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेऊन, एकीचे तीन आणि दुसरीचे चार भाग घडी घालून केले की होतं. घाई करू नये इथे, पुढे दशांश, टक्केवारी, सगळं यावरच उभं राहतं.

विज्ञानात अन्नसाखळी येते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, नावं सगळ्यांना येतात, पण बाण काढायला सांगा. बरीच मुलं सापाकडून बेडकाकडे बाण काढतात, कारण त्यांच्या मनात ‘कोण कोणाला खातं’ हे असतं. खरा बाण उलटा, बेडकाकडून सापाकडे, कारण तो ऊर्जा कुठे जाते ते दाखवतो. एवढा एक बाण समजला की वनस्पती सगळ्यांच्या आधी का येतात हेही मुलं आपणहून सांगतात. बॅटरी आणि बल्बचंही तसंच, एकच वायर जोडून बल्ब लागेल असं वाटतं, लागत नाही, मग वायर इथे लाव, तिथे लाव, आणि शेवटी दुसरी वायर परत बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला आणली की लागतो. वर्गात तेव्हा जो आरडाओरडा होतो तो होऊ द्यावा.

आणि मग भूगोलाचा नकाशा, जिथे हे सगळं एकदम लागतं. दोन गावांमधलं अंतर पट्टीने मोजलं, साडेचार सेंटीमीटर आलं. खाली स्केल दिलंय, 1 सेंटीमीटर म्हणजे 5 किलोमीटर. ज्याने ती ओळ वाचलीच नाही तो साडेचार लिहून मोकळा होतो. ज्याने वाचली त्याला गुणाकार करावा लागतो, अर्ध्याचं काय करायचं ते ठरवावं लागतं, मग साडेबावीस किलोमीटर येतात, आणि त्यानंतर कोणीतरी हमखास विचारतं की रस्ता तर वळणावळणाचा आहे, मग खरं अंतर जास्त असेल ना? असेल. आता दोरा घ्या, नकाशातल्या रस्त्यावरून वळणावळणाने फिरवा आणि मग तो दोरा पट्टीवर मोजा.