दिवा घालवला की दिसते ती धूळ

(अंधारी खोली, एका बाजूने टॉर्चचा झोत. सँडरचा आवाज बंद होतो. निवेदन जरा थांबून सुरू.)

हे धुकं नाहीये. सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, बंद केलाय, दिवे घालवलेत, एका बाजूने टॉर्च मारलाय, आणि हवेत हे जे तरंगतंय ना ते सगळं लाकूड आहे. दिवा लावला की दिसेनासं होतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, आणि यातले जे कण छातीत खोलवर जातात ते १० मायक्रॉनच्याही खालचे. जमिनीवरचा भुसा झाडूने निघतो, हे निघत नाही, उलट झाडू मारला की परत वर येतं.

ऐरोलीतलं हे रो हाऊस, तळमजल्यावरची मागची खोली. काका रिटायर झाल्यापासून इथे सुतारकाम करतात, टेबल सॉ, रंधा मशीन, लाकडात खाचा पाडायचा राऊटर सगळं इथेच, आणि एक भिंत शेजाऱ्यांशी कॉमन. आधी नुसता एक्झॉस्ट फॅन होता, म्हणजे धूळ बाहेर, शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. मग ठरलं की धूळ जिथे तयार होते तिथेच ओढून घ्यायची.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर चालणार नाही का? सँडरला चालतो, छान चालतो, कारण त्याची ओढ जोरदार असते पण हवा कमी जाते. रंधा मशीन बघा, हे ढलप्यांचे ढीग बघा, इथे हवा भरपूर लागते, मिनिटाला साडेतीनशे घनफूट तरी, म्हणजे ब्लोअर, हवा ओढणारा मोठा पंखा, आणि चार इंची पाइप. दोन इंची पाइप घेतला तर तोंड निम्मं नाही होत, पाव होतं.

पाइप प्लंबिंगचाच आहे, ११० एमएमचा एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचा, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आणि रबर रिंगचा घेतला की चिकटवायला लागत नाही, अडकलं तर काढून साफ करता येतं. आता वळणं नीट बघा. काटकोनी बेंड एकही नाही, ४५ चे दोन बेंड जोडून वळवलंय. फाट्याला टी नाही, वाय लावलाय, आणि तोही हवा ज्या दिशेला जाते त्या दिशेला कललेला. घड्या पडलेला फ्लेक्सिबल होज मशीनपाशी हातभर, त्याहून जास्त नको, त्या घड्यांमध्येच हवेचा जोर मरतो. प्रत्येक फाट्यावर सरकतं झाकण, काकांनी प्लायचंच बनवलंय, ज्या मशीनवर काम चालू तेवढंच उघडं.

(पिंपाचं पारदर्शक झाकण, जवळून. रंधा चालू.)

हे बघत राहा. ब्लोअरच्या आधी हे पिंप बसवलंय. हवा त्यात सरळ शिरत नाही, कडेने शिरते, म्हणून गोल फिरते, आणि जड ढलप्या बाहेरच्या भिंतीला घासत घासत या फटीतून खाली पडतात. मध्ये ही प्लायची चकती आहे, तिच्या कडेने दोन तृतीयांश वर्तुळभर इंचभर फट ठेवलीय, बस, एवढंच. खाली पडलेलं परत वर उचललं जात नाही, मधल्या पाइपातून हवा ब्लोअरकडे जाते. निळी पिंपं आपल्या एमआयडीसीच्या पट्ट्यात भंगारात सहज मिळतात, पण केमिकलचं घेऊ नका, आणि पातळ तर नकोच, पाइप तुंबला की ते आत चेपतं.

इतकं सगळं केल्यावर उरते तीच, टॉर्चमध्ये दिसलेली. ब्लोअरबरोबर बहुतेक वेळा कापडी पिशवी येते, ३० मायक्रॉनच्या आसपासची. ती ढलप्या धरते आणि बारीक धूळ खोलीत परत सोडते, म्हणजे जी थांबवायची तीच सुटते! काकांनी पिशवी काढून एक मायक्रॉनचा प्लीटेड, म्हणजे घड्या घातलेला, फिल्टर लावला. या सगळ्यात तो महाग आहे, तरी माझं म्हणणं, पुढचं नवीन मशीन थांबू द्या, आधी हा घ्या.

१९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. नाक आणि सायनसचा कॅन्सर, शिवाय दमा आणि कातडीचे त्रास आहेतच.

(काका पिंप रिकामं करताना, तोंडाला एन९५.)

मास्क आता मुख्यतः या कामाला. पावसाळ्यात पिंप त्याच दिवशी रिकामं करायचं, दमट भुसा फिल्टरला थापून बसतो आणि ओढ कमी होते. सागवानाचा भुसा वेगळा ठेवतात. प्लाय आणि एमडीएफचा झाडांना घालायचा नाही, जाळायचाही नाही, त्यात रेझिन, म्हणजे रासायनिक डिंक, असतं, तो पिशवीत घट्ट बांधून कचऱ्याच्या गाडीत.