पुकारा होण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ज्यांना ती चढावीच लागते त्यांच्यासोबत चढणं हे माझं काम. गुन्हा ज्यांच्यावर घडला ते, आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत घडला ते. कागदावर माझं पद समुपदेशक. व्हरांड्यात मात्र पट्टेवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे ‘त्या ताई’ म्हणतात. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांची वयं, गावं, नाती मी मुद्दाम बदललेली आहेत. कुणी ओळखण्याचा प्रयत्न करू नये.

एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे. बांधाच्या भांडणातून शेजाऱ्याचा खून झाला, तो त्यांनी पाहिलेला. तीन वर्षांनी साक्ष लागली. धुवट धोतर, नवी टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीत समन्स, आधारकार्ड आणि फडक्यात बांधलेली भाकरी. बाकावर टेकले न टेकले तोच विचारलं, “ताई, आत जाऊन मी काय बोलायचं?”

म्हटलं, “आजोबा, ते मी सांगणार नाही.”

त्यांचा चेहरा पडला. एवढ्या लांबून यायचं, सोबतीला सरकारी ताई, आणि ती म्हणते सांगणार नाही! मग हिचा उपयोग काय?

हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकावा लागतो, आणि याचं उत्तर मी एकदा ठेच खाऊन शिकले आहे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. घरात शिरून मारहाण झालेली एक बाई साक्षीला आली होती. थरथरत होती. मी धीर द्यायला म्हणून म्हणाले, “घाबरू नका. आधी दार वाजलं ते सांगा, मग लाइट गेली ते, मग आवाज. असं क्रमानं सांगा.” उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी सहज विचारलं, “बाई, हे सगळं इतकं क्रमानं सांगायला कुणी शिकवलं?” बाई शपथेवर होती. ती म्हणाली, “ताईंनी.” वकिलांनी शांतपणे मागं वळून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतरचा पाऊण तास प्रश्न त्या मारहाणीवर नव्हते, माझ्यावर होते. बाईनं एक शब्द खोटा सांगितला नव्हता, पण पढवलेला साक्षीदार हा शिक्का तिच्यावर माझ्यामुळे बसला.

तेव्हापासून एक रेघ आखून घेतली. घटनेबद्दल मी अक्षर बोलत नाही. जबाब वाचून आठवण ताजी करायची असेल तर ते सरकारी वकिलांचं काम. मी सांगते ते खोलीबद्दल. न्यायाधीश कुठं बसतात, टाइप करणारे कुठं, काळ्या कोटातले कोण कुणाच्या बाजूचे. प्रश्न पुरता ऐकायचा. कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणायचं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हेसुद्धा पूर्ण उत्तर आहे, त्याला लाजायचं नाही. पाणी मागता येतं. रडू आलं तर थांबता येतं. मोठ्या आवाजातला प्रश्न हा खरा आणि हळू आवाजातला खोटा, असं काही नसतं.

‘आठवत नाही’वर थोडं जास्त बोलते, कारण सगळा घोटाळा इथं होतो. भयंकर काही अंगावर आलं की मन ते वहीत लिहिल्यासारखं लिहून ठेवत नाही. एका मुलीला हल्लेखोराच्या अंगाचा तंबाखूचा वास लख्ख आठवत होता, भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं चित्र आठवत होतं. पण हे पाच मिनिटं चाललं की अर्धा तास, ते सांगता येईना. दोन दिवसांनी, चार दिवसांनी आणखी तुकडे वर येतात. तोवर पोलिसांकडचा जबाब होऊन गेलेला असतो. पुढं कोर्टात तोच नवा तुकडा विसंगती म्हणून मोजला जातो. माणूस खोटं बोलतोय म्हणून नव्हे, तर तो माणूस आहे म्हणून असं होतं. घरच्यांनी तरी एवढं करावं: तिला पुन्हा पुन्हा ‘नीट आठव’ म्हणू नये.

आता एका दहा वर्षांच्या मुलीची गोष्ट. लहान मुलांना साक्षीच्या आधी एकदा रिकामं कोर्ट दाखवायची माझी पद्धत आहे, पाच वाजून गेल्यावर, शिपायाची परवानगी काढून. तर ही पोर दारातच अडली. आत यायलाच तयार नाही. आईनं ओढलं, मी चॉकलेट काढलं, काही नाही. शेवटी जमिनीवर बसून विचारलं, तेव्हा हळूच म्हणाली, “पिंजऱ्याला कुलूप कोण लावतं?”

मी गारच पडले. आम्ही सगळे तोंडभर म्हणत होतो, ‘साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं.’ मोठ्यांना त्यात लाकडी कठडा दिसतो. तिला दिसला होता राणीच्या बागेतला. आणि तिच्या मनात हिशोब सरळ होता: ज्यानं केलं तो बाहेर, आणि मी पिंजऱ्यात. मग तिला आत नेलं. तीन बाजूंना कठडा, चौथी बाजू उघडी, दार नाहीच. तिनं चारदा आत-बाहेर करून पाहिलं. पाचव्यांदा पळत गेली. मी त्या दिवसापासून तो शब्द मुलांसमोर तोंडातून काढत नाही. ‘बोलायची जागा’ म्हणते.

मुलांच्या बाबतीत कायदा बराच शहाणा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, मुलाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असायचं नाही. उलटतपासणीचे प्रश्न वकिलांनी थेट मुलाला न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे. मधे मधे सुट्टी द्यायची, पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही, आणि आरोपी मुलाच्या नजरेसमोर येणार नाही अशी सोय करायची, पडदा लावून नाहीतर व्हिडिओवरून. सोबतीला सपोर्ट पर्सन मिळते. ती बालकल्याण समिती नेमून देते. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्याच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सांगितलं की, हळव्या साक्षीदारांसाठी वेगळी साक्षकेंद्रं सगळीकडे उभी करा.

पण पडदा असतो खोलीत. पाण्याचा नळ बाहेर असतो, आणि तो सगळ्यांना एकच. मी एकदा अडीच तास एका मुलाला एका कोपऱ्यात गोष्टी सांगत बसले होते, आणि तहान लागली म्हणून त्याला नळावर नेलं, तर समोर ओंजळ धरून आरोपीच उभा. आता माझ्या पर्समध्ये दोन बाटल्या असतात. संडासला जायचं असेल तर आधी मी जाऊन पाहून येते. समुपदेशनाच्या पुस्तकात हे नाही, पण माझ्या दिवसातला मोठा भाग असाच जातो.

दुसरा मोठा भाग वाट पाहण्याचा. मोलमजुरी करणारी बाई रोज बुडवून, पहाटेची एसटी धरून येते आणि साडेबाराला कळतं, आज साहेब रजेवर आहेत, तारीख पडली. साक्षीदाराला भत्ता मिळतो, त्यासाठी अर्ज करावा लागतो, हे ऐंशी टक्के लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणजे हा माझा अंदाज हं, मोजदाद नव्हे. म्हणून आदल्या संध्याकाळी मी सरकारी वकिलांच्या कार्यालयात फोन करते: उद्या बोर्डावर प्रकरण आहे ना, न्यायाधीश आहेत ना? दोन मिनिटांचा फोन. मी वर्षभरात जे काही शहाणपणाचं बोलते त्या सगळ्यापेक्षा हा फोन लोकांच्या जास्त कामी आलाय, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तपासाचं काय झालं, हेही विचारायला लोक घाबरतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा याचा नवा कायदा, लागू झाली. तिच्यात तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे, मेसेजवर कळवलं तरी चालतं. तेव्हा विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

आता फितूर साक्षीदार. पेपरात आपण वाचतो, ‘साक्षीदार फितूर’, आणि म्हणतो, खाल्ले असतील पैसे. कधी खाल्लेलेही असतात. पण मी ज्यांना फिरताना पाहिलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी दमडी घेतली नव्हती. एक तरुण होता. आरोपी त्याच्याच भावकीतला. एकच विहीर, दूध घालायची डेअरी एकच, ट्रॅक्टर भाड्यानं द्यायचा तो आरोपीचा चुलता. धमकी कुणी दिली नाही. फक्त पेरणीच्या टायमाला ट्रॅक्टर ‘बिघडला’. साक्षीच्या दिवशी तो म्हणाला, मी काही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, मला इथंच राहायचंय.” मला त्याचा राग आला होता, नाही असं नाही. अजूनही येतो कधीतरी. पण त्याला काय उत्तर द्यायचं ते अजून सापडलेलं नाही.

उघड धमकी असेल तर मात्र रस्ता आहे. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयानं ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्यता दिली आणि ती देशभर लागू करायला सांगितली. अर्ज करायचा, मग पोलीस धोका किती आहे याचा अहवाल देतात, आणि जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. फोन नंबर बदलून देणं, घराजवळ गस्त, कोर्टात पोहोचवणं-आणणं, अगदीच वेळ आली तर काही काळ दुसरीकडे राहायची सोय. ट्रॅक्टर बिघडण्यावर त्यात औषध नाही.

पैशाचं बोलायलाही लोक लाजतात. बलात्कार, पॉक्सो आणि ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. इतर गुन्ह्यांतही नुकसानभरपाईची तरतूद आहे. आरोपी सापडलाच नाही, तरी पीडिताला अर्ज करता येतो. आरोपी सुटला, तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. पण गावात कुजबुज होते, ‘पैसे मिळाले की यांना.’ एक आई त्या कुजबुजीपायी अर्ज मागं घ्यायला निघाली होती. मी तिला एवढंच विचारलं, “मुलीची शाळा बदलायला, भाडं भरायला ही कुजबुज येणार आहे का?” अर्ज राहिला.

एक गोष्ट मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते, अगदी लहान मुलांनासुद्धा. ‘तू मला सांगितलेलं मी चहाटळपणे कुणाला सांगणार नाही. पण मुलावर अत्याचार झालाय असं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं मला कायद्यानं भाग आहे.’ काही मुलं हे ऐकून गप्प होतात. चालेल. आधी गुपित ठेवते म्हणायचं आणि मग फोडायचं, हे त्यांच्या आयुष्यात मोठ्यांनी आधीच पुरेसं केलेलं असतं.

आणि तुमच्या हातात फोन असतो, म्हणून विनंती. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव, फोटो, किंवा ओळख पटेल असं काहीही पसरवणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘श्रद्धांजली’ म्हणून ग्रुपवर टाकलेला फोटोही त्यात आला. मदत हवी असेल तर ११२ पोलिसांचा, १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी, आणि १५१०० मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी. मुंबईत पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. आता राज्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष आहेत. तिथं गेल्यावर तक्रार नोंदवलीच पाहिजे अशी सक्ती नाही. नुसतं बोलायलाही जाता येतं.

तर ते आजोबा. दुपारी सव्वातीनला पुकारा झाला. आत गेले, टोपी सारखी केली. तासाभरानं बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “बरोबर बोललो का ताई?”

तेही मला सांगता येत नाही. खटला चालू होता. मी म्हटलं, “आजोबा, साडेपाचच्या गाडीला अजून अवकाश आहे. भाकरी तशीच आहे का पिशवीत?”

होती. चहावाल्याकडून एक कांदा मागून आणला आणि आम्ही दोघं लिंबाखाली बसलो.