जे तपासले, तेच चालले पाहिजे

पडद्यावर दिसणारी ६४ चिन्हांची ही ओळ म्हणजे एका कंटेनर इमेजचा (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याचा) डायजेस्ट, जणू तिच्या बोटाचा ठसा, आहे. इमेजच्या सर्व लेयरांची, म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांची, नोंद ज्या मॅनिफेस्ट नावाच्या यादीत असते, त्यावरून एसएचए-२५६ पद्धतीने हा डायजेस्ट काढतात. त्यामुळे आतला एक बिट जरी बदलला, तरी ओळ पार वेगळी होते. ज्या इमेजच्या चाचण्या झाल्या, नेमकी तीच इमेज वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली का, हे या ओळीवरून कळते, आणि पाइपलाइनवर, म्हणजे कोड आपोआप तपासून वापरकर्त्यांपर्यंत नेणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीवर, विश्वास ठेवायचा की नाही, हे माझ्या मते त्यावरच ठरते.

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीत हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नव्हता. आठ सर्व्हरांवर नवा कोड चढवताना त्यांतल्या एकावर तो चढवायचा राहून गेला होता आणि दुसऱ्या कोणी ते पडताळूनही पाहिले नव्हते. बाजार उघडताच त्या एका सर्व्हरवर पडून असलेला, कित्येक वर्षे न वापरलेला जुना कोड चालू झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला.

पुढे मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन या पायथन भाषेच्या परिषदेत डॉकर हे इमेज बांधून चालवण्याचे साधन लोकांसमोर मांडले. प्रक्रियांना वेगळे ठेवणारी नेमस्पेस आणि त्यांच्या वाट्याला येणाऱ्या मेमरीवर व प्रोसेसरवर मर्यादा घालणारे सीग्रुप लिनक्समध्ये आधीपासूनच होते. डॉकरमुळे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एका इमेजमध्ये बांधून ती कुठेही तशीच चालवणे सर्वांच्या आवाक्यात आले.

गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात कोड पुश झाला (पाठवला गेला) की पाइपलाइन एक कोरा कंटेनर (इमेजवरून चालणारी, इतरांपासून वेगळी ठेवलेली प्रक्रिया) उभा करते, त्यात बिल्ड करते, म्हणजे कोडपासून इमेज तयार करते, आणि चाचण्या चालवते. एखाद्या पायरीचा एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘यशस्वी’, आला नाही, तर पुढची पायरी सुरूच होत नाही.

आता ही डॉकरफाइल, म्हणजे इमेज कशी बांधायची याच्या सूचनांची फाइल, जरा जवळून पाहू. आधी लायब्ररींची यादी कॉपी केली आहे, मग त्या लायब्ररी बसवल्या आहेत, आणि आपला स्वतःचा कोड सर्वांत शेवटी आला आहे. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे, कारण एखाद्या सूचनेतून तयार झालेला लेयर बदलला की त्यानंतरचे सगळे लेयर पुन्हा तयार करावे लागतात. कोड आधी कॉपी केला असता, तर एक स्वल्पविराम बदलल्यावरही सर्व लायब्ररी नव्याने बसवाव्या लागल्या असत्या. याच रचनेत एक धोकाही आहे, आणि तो मी आवर्जून सांगतो: एका लेयरमध्ये ठेवलेली पासवर्डची फाइल पुढच्या लेयरमध्ये पुसली, तरी आधीच्या लेयरमध्ये ती शाबूत राहते आणि इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला ती वाचता येते.

चाचणीसाठी एक बिल्ड आणि प्रॉडक्शनसाठी (प्रत्यक्ष वापरासाठी) पुन्हा नवा बिल्ड, ही पद्धत अनेक ठिकाणी रुळलेली आहे; मला ती अजिबात मान्य नाही. दोन बिल्डांच्या मधल्या काळात बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज रचली जाते ती) बदललेली असू शकते, एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आलेली असू शकते, आणि मग ज्याची चाचणीच झाली नाही असे काहीतरी लोकांपर्यंत जाते. ‘लेटेस्ट’ हा टॅगही इथे कामाचा नाही, कारण टॅग ही नुसती चिठ्ठी असते. आज एका इमेजवर असलेली चिठ्ठी उद्या दुसऱ्या इमेजवर लावता येते. म्हणून बिल्ड एकदाच करावा, इमेज रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजांच्या कोठारात, ठेवावी, पुढच्या प्रत्येक पायरीवर ती डायजेस्टनेच मागवावी, आणि डेटाबेसचा पत्ता किंवा पासवर्ड अशा जागेनुसार बदलणाऱ्या गोष्टी कंटेनर सुरू करताना बाहेरून पुरवाव्यात.

डिप्लॉयमेंटच्या, म्हणजे नवी आवृत्ती सर्व्हरांवर चढवण्याच्या, वेळी कुबरनेटीस ही कंटेनर सांभाळणारी प्रणाली जुने कंटेनर एकदम बंद करत नाही. नवा कंटेनर रेडिनेसच्या (तो तयार आहे का याच्या) तपासणीला उत्तर देऊ लागला, की मगच त्याच्याकडे विनंत्या वळवल्या जातात. जुन्याला काम थांबवण्याचा सिगटर्म हा संदेश मिळतो आणि हातातले काम आटोपण्यासाठी, वेगळी मुदत दिलेली नसल्यास, ३० सेकंद मिळतात. नव्या आवृत्तीत दोष निघाला, तर आदल्या डायजेस्टवर परतता येते, कारण ती इमेज रजिस्ट्रीत जशीच्या तशी असते.

आता पडद्यावर आठ सर्व्हरांवरून आलेल्या आठ ओळी आहेत. पाइपलाइनची शेवटची पायरी त्यांतली प्रत्येक ओळ सुरुवातीला पाहिलेल्या डायजेस्टशी ताडून पाहते, आणि आठांपैकी एकही वेगळी निघाली, तर ते डिप्लॉयमेंट अयशस्वी म्हणून नोंदवते.