जाळीवरचे हात : आगाता म्रूज

व्हॉलीबॉलमध्ये सगळ्यांच्या लक्षात राहते ती स्मॅश मारणारी. मधल्या ब्लॉकरकडे फारसं कुणी बघत नाही. ती जाळीला नाक लावून उभी असते, हात खांद्यांच्या वर, नजर समोरच्या सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारीच्या, मनगटांवर. चेंडू डावीकडे जाणार, उजवीकडे, की थेट आपल्यासमोर? ठरवायला क्षणभरही मिळत नाही. चुकली तरी उडी मारायचीच, खाली यायचं, दोन ढांगांत टोक गाठायचं आणि पुन्हा उडायचं. सामनाभर हेच.

आगाता म्रूज हे काम करायची. उंची 191 सेंटिमीटर. पोलिश भाषेत 'म्रूज' म्हणजे कडाक्याची थंडी, पण तिची आठवण निघाली की आजही पोलंडमध्ये माणसांचा गळा दाटून येतो.

जन्म 7 एप्रिल 1982, दक्षिण पोलंडमधल्या दोंब्रोवा तार्नोव्स्का या लहानशा गावी. खेळाची सुरुवात जवळच्या तार्नुव शहरात. मग सोस्नोव्येत्सची क्रीडाशाळा आणि तिथून ब्येल्स्को-ब्यावाचा क्लब, देशातल्या मातब्बर संघांपैकी एक.

त्या काळी पोलंडच्या महिला व्हॉलीबॉलचं वैभव जुन्या फोटोंपुरतं उरलं होतं. 1964 आणि 1968 च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकं मिळाली होती, पण युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेचं सुवर्ण एकदाही नाही. प्रशिक्षक आंजेय न्येमचिक यांनी नवा संघ बांधला. माउगोझाता ग्लिंका त्यातली हुकमी स्मॅशर, आणि आगाताही याच संघात. 2003 साली अंकारात, अंतिम सामन्यात, यजमान तुर्कस्तानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर सरळ तीन सेटमध्ये हरवून या मुलींनी सुवर्ण आणलं. दोन वर्षांनी झाग्रेबमध्ये इटलीला नमवून पुन्हा सुवर्ण. लोकांनी त्यांचं नावच ठेवलं 'झ्वोत्का'. आपल्याकडे लाडानं म्हणतात ना, सोनुल्या, अगदी तसंच.

या सगळ्या काळात आगाताच्या रक्तात आजार होता. अस्थिमज्जा पुरेशा निरोगी रक्तपेशी तयार करत नव्हती. किशोरवयातच तो कळला होता. अशा आजारात थकवा लवकर येतो, आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी झाल्या तर साध्या धक्क्यानंही अंगावर काळेनिळे डाग उठतात. आता ब्लॉकरचं काम पुन्हा डोळ्यांसमोर आणा : जाळीपलीकडून हाताच्या अंतरावरून सुटलेला चेंडू आणि तो अडवायला पुढे केलेले दोन हात. तिच्या प्रत्येक ब्लॉकची किंमत मला तरी इथेच कळते.

2006 मध्ये ती स्पेनला, मुर्सियाच्या संघात गेली. पुढच्याच वर्षी त्या संघानं स्पॅनिश लीग जिंकली. पण शरीर साथ देईना. 2007 मध्ये तिनं खेळ थांबवला. त्याच वर्षी 9 जूनला तिचं लग्न झालं होतं.

अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच उपाय होता. तेवढ्यात ती गरोदर असल्याचं कळलं. बाळ जन्मेपर्यंत थांबायचं, हे तिनं ठरवलं. तिच्यासाठी देशभर लोक रक्त द्यायला पुढे आले, मज्जादाते म्हणून नावं नोंदवू लागले. 4 एप्रिल 2008 रोजी मुलगी झाली. मे महिन्यात व्रोत्स्वावमध्ये प्रत्यारोपण झालं. त्याच महिन्यात तिकडे टोकियोत तिच्या जुन्या सहकारी पात्रता फेरी खेळत होत्या. पोलंडच्या मुली 40 वर्षांनी ऑलिंपिकला निघाल्या.

आगातानं मात्र बीजिंग पाहिलं नाही. संसर्ग झाला आणि 4 जूनला ती गेली. वय 26. लेक दोन महिन्यांची.

तिच्या त्यागावर खूप बोललं गेलं, आणि ते योग्यच आहे. तरी मला वाटतं, तिचे सामनेही बघायला हवेत. ती आई झाली त्याआधी कितीतरी वर्षं खेळाडू होती, आणि तो खेळ तिनं दुखण्यासकट निवडला होता.

तार्नुवमध्ये तिचा अंत्यविधी झाला. तारीख होती 9 जून, लग्नाचा पहिला वाढदिवस.