फिलॉसॉफीत पीएचडी करून माणूस नेमकं शिकतो काय?

कुर्ला स्टेशन, वेस्टला उतरायचं, कलिनाची बस नाहीतर शेअर रिक्षा. विद्यानगरीत ज्ञानेश्वर भवन, तिथे मुंबई विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग. इथे पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा, लग्नकार्यात नातेवाईक काय म्हणतात, उत्तर एकच येतं, "म्हणजे नक्की करतेस काय गं?"

प्रश्न रास्त आहे हो. लॅब नाही, मशीन नाही, कोर्सवर्क करायचं, मग सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, मग थिसिस, यूजीसीच्या 2022 च्या नियमाप्रमाणे कमीत कमी तीन आणि साधारण सहा वर्षांची मुदत, आणि एवढ्या काळात हातात दिसण्यासारखं काहीच नाही, नुसते कागद.

त्या कागदांवर गाइडने पेनाने काय लिहिलंय ते बघा जरा. "हे कोण म्हणतंय? तू की कांट?" (कांट म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ.) पुढच्या पानावर, "यावरून ते सिद्ध कसं होतं?" पहिलं वर्षभर बहुतेकांचं हेच चालतं, आपण वाक्यं छान लिहितो आणि त्यात युक्तिवादच नसतो हे कळायलाच वेळ लागतो, चाळीस पानांचं चॅप्टर शेवटी सहा पानांवर येतं आणि ती सहा पानं मात्र कुणी हलवू शकत नाही.

आणि एक सवय लागते, ती मला सगळ्यात भारी वाटते. आपल्याकडची जुनीच शिस्त आहे, पूर्वपक्ष. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि असं मांडायचं की तो स्वतः म्हणेल, हो, मला हेच म्हणायचं होतं. खंडन त्याच्यानंतर. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, खरं काय ते शोधायला केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याची मोडायची ती वितंडा. (सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप यातल्या कशात बसतो ते तुम्ही ठरवा.)

सोसायटीवरून आठवलं, रिडेव्हलपमेंटची मीटिंग घ्या. दोन तास भांडण, बिल्डर चांगला की वाईट. अशा ठिकाणी हे ट्रेनिंग झालेला माणूस म्हणतो, थांबा, इथे प्रश्न तीन आहेत, अ‍ॅग्रीमेंटच्या अटी बऱ्या आहेत का, त्या पाळल्या जातील याची हमी काय, आणि ज्यांना नकोच आहे त्यांचं काय करायचं. भांडण मिटतं असं नाही, पण निदान एका वेळी एकाच गोष्टीवर होतं.

आता नोकरीचं. प्राध्यापकाच्या कायम जागा फार थोड्या, कित्येक जण तासिका तत्त्वावर शिकवतात, ते दुखणं वेगळंच. पण एक जागा लोकांना माहीतच नसते. नव्या औषधाची माणसांवर चाचणी करायची तर एथिक्स कमिटीची, म्हणजे ती चाचणी नीतीला धरून आहे का ते तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागते, आणि 2019 च्या केंद्राच्या नियमांत या कमिटीत किमान सात सदस्य सांगितलेत, त्यात एक सदस्य डॉक्टरकीच्या बाहेरच्या क्षेत्रातला, म्हणजे समाजशास्त्रज्ञ वगैरे, आणि त्या यादीत तत्त्वज्ञ हा शब्द चक्क लिहिलेला आहे!

तिथे तत्त्वज्ञाचं काम काय? समजा संमतीपत्रात लिहिलंय की पेशंट स्वेच्छेने भाग घेतोय. पण औषधाला पैसे नाहीत म्हणून जो ट्रायलमध्ये येतो त्याची स्वेच्छा कितपत धरायची? ठीक, मग गरिबांना घेऊच नका म्हणावं, तर त्याला मिळू शकणारे उपचारही आपणच काढून घेतले, आणि त्याला स्वतःचं कळत नाही असंही आपणच ठरवून टाकलं. दोन्ही बाजू तेवढ्याच ताकदीने टेबलावर ठेवायच्या आणि मग विचारायचं, ट्रायल संपल्यावर हे औषध त्याला मिळत राहणार आहे का, आणि तो मधेच बाहेर पडला तर त्याचे नेहमीचे उपचार चालू राहतील हे त्याला समजेल अशा मराठीत कुठे लिहिलंय, ते पान दाखवा.