धरावे किती आणि सोडावे कधी : कार्बन डायऑक्साइडसाठीचे पदार्थ

मित्रहो, माझ्यासमोरच्या काचनळीत चुन्याची ताजी, पातळ केलेली निवळी आहे. तिच्यात मी फुंकर घालतो. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती दुधाळ होते, हे आपण सर्वांनी शाळेत पाहिले आहे. मात्र शाळेत आपण तिथेच थांबायचो. आज मी फुंकत राहणार आहे. पाहा, थोडा दम लागला, पण पांढरेपणा विरळ होत पाणी पुन्हा नितळ झाले. तयार झालेल्या कॅल्शियम कार्बोनेटने आणखी वायू घेतला आणि तो बायकार्बोनेट होऊन विरघळला. ही नळी उकळली, तर हा नंतर घेतलेला वायू निघून जाईल आणि साका परत दिसेल. विहिरीचे जड पाणी तापवताना पातेल्याच्या बुडाशी बसतो तोच हा थर. त्या साक्यात उरलेला वायू सोडवायचा, तर मात्र चुन्याची भट्टी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावी लागते. एकाच नळीत एकाच वायूची ही दोन बंधने आहेत, आणि आजच्या विषयाचे मर्म मला त्यांच्यातल्या फरकात दिसते.

कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरात हा वायू साधारण १२ ते १५ टक्के असतो. तो वेगळा काढण्याची रुळलेली रीत अमाइनच्या, म्हणजे अमोनियापासून बनलेल्या सेंद्रिय संयुगाच्या, पाण्यातल्या द्रावणाची असून तिचे अमेरिकी पेटंट १९३० सालचे आहे. द्रावण थंड असताना वायू शोषून घेते आणि सुमारे १२० अंशांना तो सोडते. अडचण अशी, की नेहमीच्या द्रावणात अमाइन तीसच टक्के असते. प्रत्येक फेरीला उरलेले सत्तर टक्के पाणीही तापवावे लागते, आणि त्यासाठीची वाफ वीजनिर्मितीच्या वाट्यातूनच काढावी लागते. पकडणे स्वस्त आणि सोडवणे महाग, असा हा व्यवहार आहे.

म्हणून संशोधक सच्छिद्र घन पदार्थांकडे वळले. धातूच्या अणूंच्या गाठी आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणूंचे दांडे यांतून उभ्या राहणाऱ्या जाळ्यांना मेटल ऑरगॅनिक फ्रेमवर्क म्हणतात, आणि त्यांच्या घडणीसाठी २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळाले. अशा काही जाळ्यांच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग एक एकराहून अधिक भरतो. हा आकडा ऐकून सभागृह थक्क होते, पण माझ्या मते तो निर्णायक नाही. धुरात पाण्याची वाफ असते, आणि प्रयोगशाळेतल्या कोरड्या वायूत उत्तम ठरलेल्या कितीतरी पदार्थांच्या जागा ही वाफच बळकावते. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात घडलेला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला काल्फ-२० हा जस्ताचा पदार्थ मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणाने. त्याचा पृष्ठभाग डोळे दिपवणारा नाही. पण सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली असेल, तर तो पाण्याआधी कार्बन डायऑक्साइड उचलतो, रासायनिक बंध न जोडता हलक्या हाताने धरतो, आणि वाफेच्या साडेचार लाखांहून अधिक फेऱ्यांनंतरही टिकून राहतो.

वायू ओळखण्याबद्दल थोडक्यात सांगतो. कार्बन मोनॉक्साइडसारखा जळू शकणारा वायू कथिलाच्या ऑक्साइडच्या तापलेल्या पृष्ठभागावर आपली खूण सहज उमटवतो. कार्बन डायऑक्साइड मात्र आधीच पुरता जळलेला असल्यामुळे तिथे फारसा काही बोलत नाही. म्हणून खोलीतली हवा मोजणारी बहुतेक चांगली उपकरणे त्याला न धरताच ओळखतात : ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वाटेत किती शोषला गेला, एवढेच ती पाहतात.

पकडलेल्या वायूचे दुसऱ्या उपयोगी पदार्थांत रूपांतर करतानाही धरण्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो. १९८५ साली जपानमध्ये योशिओ होरी यांनी निरनिराळ्या धातूंच्या विद्युतअग्रांवर विजेमुळे या वायूचे काय होते ते मोजले. वाटेत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड सोने आणि चांदी लगेच सोडून देतात. प्लॅटिनम त्याला इतका घट्ट धरतो, की स्वतःच निकामी होतो. तांबे मधले आहे, आणि त्यामुळेच त्याच्यावर मिथेन व एथिलीन तयार होतात. त्याचा दोषही तेवढाच मोठा आहे : तांब्यावर एकाच वेळी सोळा पदार्थ निघालेले नोंदले गेले आहेत, आणि ते वेगळे करायला पुन्हा ऊर्जा लागते. ती वीज कोळशाची असेल, तर सारा खटाटोप उलटा पडतो.

पकडलेला वायू वापरला म्हणजे तो संपला, असेही नाही. तुतिकोरिनच्या एका कारखान्यात २०१६पासून बॉयलरच्या धुरातला वायू पकडून धुण्याच्या सोड्यासाठी वापरू लागले, आणि त्या कामाचे मला मनापासून कौतुक आहे. तरीही असा सोडा काचेच्या भट्टीत गेला, की वायू पुन्हा बाहेर येतो. कायमचे बंदिस्त करायचे असेल, तर चुन्याची जी घट्ट पकड मघाशी अडचणीची वाटली, तीच हवी असते. आइसलँडमध्ये पाण्यात विरघळवलेला वायू बेसॉल्टमध्ये सोडला, तेव्हा त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिज झाला, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. सह्याद्रीचा काळा कातळही बेसॉल्टच आहे, आणि त्याच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे स्फटिक आपल्याला आजही सापडतात. मात्र आइसलँडच्या त्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे पंचवीस टन पाणी लागते, आणि आपल्याकडे हा कातळ सर्वाधिक पसरला आहे तो नेमका पाण्याची ओढ असलेल्या पठारावर.