आधी पावकी, मग संभाव्यता

पत्रिकेत 'संभाव्यता' छापलंय आणि ते मी सांगणारच आहे. पण आधी अपूर्णांकांबद्दल बोलू द्या. मुलं संभाव्यतेत अडतात ती फाशांमुळे नाही, अपूर्णांकांमुळे.

सहावीतल्या एका मुलीची वही माझ्या हाती आली. गणित होतं एक छेद दोन अधिक एक छेद चार. तिनं वरचे वर, खालचे खाली मिळवून दोन छेद सहा लिहिलं होतं. शेजारी लाल फुली आणि शेरा : 'लसावि काढा.' मी वही मिटली. म्हटलं, "अर्धा किलो साखर आणली, वर पाव किलो आणली. किती झाली?" "पाऊण किलो." एका क्षणात! मग विचारलं, "दोन छेद सहा म्हणजे तिसरा हिस्सा ना? मग अर्ध्यात पाव घातल्यावर साखर अर्ध्याहून कमी कशी झाली?" ती खळखळून हसली आणि स्वतःच वही ओढून घेऊन खोडायला लागली. लसावि तिला नंतर चटकन कळला. फुलीबद्दल माझी तक्रार नाही, उत्तर चूकच होतं. पण जे तिला पक्कं येत होतं, ते तिला कोणी विचारलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, पाठ केलेलं कोण आहे? वा, मागच्या रांगेतले हात बघा! म्हणा माझ्याबरोबर पाऊणकी : एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. (सभागृहातून साथ.) औटकी कोणाला येते? साडेतीनचा पाढा! आजोबा, तुम्ही नंतर भेटाच. रुपयाचे सोळा आणे होते तोवर हे रोज लागायचं. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले, आणि हे पाढे मागे पडले. सातव्या हिश्शाला पावकी पुरत नाही, हे मान्य. तिथे लसाविच हवा. पण पाऊण ही अर्धा आणि एक यांच्यामधली एक संख्या आहे, हे तोंडात बसलेलं मूल छेदाला घाबरत नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. तर संभाव्यता.

एक नाणं दोनदा उडवा. निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? अठराव्या शतकातला फ्रेंच गणिती दालांबेर म्हणाला, दोन तृतीयांश. पहिल्यांदाच छापा, दुसऱ्यांदा छापा, किंवा दोन्हीदा काटा, अशा तीनच शक्यता त्यानं मोजल्या. पण त्या सारख्या वजनाच्या नाहीत. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा हे चार समान हिस्से. त्यातला फक्त शेवटचा नको, म्हणजे एकातून पाव गेला. उरला पाऊण!

हीच युक्ती फाशाला लावा. चार वेळा टाकून निदान एक सहा? एकही सहा न येण्याची संभाव्यता 5/6 चार वेळा गुणून 625/1296. ती एकातून वजा करा : 671/1296, अर्ध्याहून थोडी जास्त. अशाच जुगारी प्रश्नांवर 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रं लिहिली आणि हे शास्त्र उभं राहू लागलं. दोन फाशांची बेरीज सात येण्याची संभाव्यता मात्र तुम्ही काढा. छत्तीस जोड्या कागदावर मांडा आणि मोजा.